अर्धा फेरा

हा तो ट्रक नव्हे, हे आधीच सांगून टाकते.

आईनं लढाईच्या वर्षांत चालवला तो ट्रक कुठल्या तरी नदीकाठी कधीच मातीत गेला असेल. हा त्याच जातीचा, त्याच घडणीचा, बस्स. पण लोकांना गोष्ट गोड लागते. तोच ट्रक, तीच आई, सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी. हट्! आमच्याकडे पाणी होतं ते रेडिएटरमध्ये, आणि तेही गळायचं.

मी सीट कव्हरं आणि ताडपत्र्या शिवते. दुकान माझं स्वतःचं. धाकटा भाऊ सरकारी कचेरीत नकाशे काढतो. तो एकदा खाणीची मोजणी करायला गेला आणि तिथं त्याला हा ट्रक दिसला. मागचा हौदा कापून पाण्याची टाकी बसवलेली, अंगावर रंगाचे थरावर थर, एक दिवा फुटलेला. खाणीच्या रस्त्यावर धूळ उडू नये म्हणून पाणी मारत फिरायचा, आणि आता तेवढंही जमेना म्हणून कडेला टाकलेला. भाऊ मोजणी अर्धी टाकून धावत माझ्या दुकानात आला.

"ताई, दुकान बंद कर."

"गिऱ्हाईक बसलंय, दिसत नाही?"

"त्यालाही घेऊन चल!"

आईला नेलं, तर ती थेट ट्रककडे गेली. पायरी शोधत बसली नाही. डावा पाय चाकाच्या मधोमध, हात आरशाच्या दांड्याला, आणि बाई वर! खाणमालक खालून दात काढत म्हणाला, "चावी हरवलीय हो, आजी."

"लष्करी गाडीला चावी नसतेच," आई म्हणाली. "मेलेल्या ड्रायव्हरच्या खिशात चावी शोधत बसायला वेळ कुणाला असतो?" आणि तिनं न बघता डाव्या हातानं खटका दाबला. खाणमालकाचे दात परत तोंडात गेले.

मग आम्ही ट्रक भंगाराच्या भावात विकत घेतला, एका बंद पडलेल्या कारखान्याची शेड भाड्यानं घेतली, टाकी उतरवून जुन्या मापाचा हौदा बसवून घेतला आणि कामाला लागलो. लगेच सगळ्या गल्लीला आमच्या डोक्याची काळजी लागली. या वयात हे काय खूळ? भंगार ते, भंगारच राहणार. माणसं टीव्हीसमोर बसून आख्खा जन्म काढतात, त्याला कुणी खूळ म्हणत नाही. बाईनं ग्रीसमध्ये हात घातला की मात्र सगळे वैद्य होतात. जुन्या गाड्यांच्या मंडळाचे अध्यक्ष एकदा पांढरे बूट घालून शेडमध्ये आले. भावाशी हात मिळवला, आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "वा, म्हणजे चहाची सोय आहे."

मी म्हटलं, "चहा हा करतो. मी गिअरबॉक्स करते. तुम्हाला काय देऊ?"

ते घाईघाईनं ट्रककडे वळले आणि त्यांनी ट्रकला कडक सलाम ठोकला. आई कोपऱ्यात बसून नट रॉकेलमध्ये धूत होती. ती म्हणाली, "सलाम कुणाला हो? मी यातनं पिठाची पोती वाहिली आणि परतीला अर्धमेली पोरं. एवढा उमाळा आला असेल तर हौदा धुवा. आम्ही तेच करायचो, रक्त वाळायच्या आत."

अध्यक्ष पुन्हा आले नाहीत. चहा वाचला.

या कामात काय सुख आहे ते मला विचारा. गंजून एकजीव झालेला बोल्ट असतो. त्याला तेल पाजायचं, ठोकायचं, तापवायचं, शिव्या द्यायच्या, रात्रभर तसाच सोडायचा. सकाळी पाना लावला की 'कर्र' करून तो केसभर हलतो. केसभरच. पण त्या आवाजानं माझ्या टाचेपासून टाळूपर्यंत असं काही जातं की काय सांगू! लग्न लागताना एवढं झालं नव्हतं, आणि ते लग्न टिकलंही नाही. बोल्ट मात्र अजून आहे.

आमच्या घरात एकच रोग आहे, आणि तो तिघांनाही आहे. विचारायचं नाही. विचारणं म्हणजे कमीपणा. डाव्या बाजूच्या चाकांचे नट सुटेनात, तेव्हा मी आणि भाऊ लांब पाइप लावून त्याला लोंबकळलो. दोन बोल्ट तुटले. आई कोपऱ्यातून सगळं बघत होती. तुटल्यावर म्हणाली, "डावीकडचे उलटे फिरतात."

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"विचारलंत कुठं?"

तर असे आम्ही. आणि तरी मजेत चाललं होतं, सीटवरून भांडण होईपर्यंत.

भावाला वेड एकच, सगळं मूळचं हवं. मडगार्डवर तळहाताएवढी जागा त्यानं पॉलिश पेपरनं घासत घासत नेली. निळा, पिवळा, राखाडी, पुन्हा राखाडी, आणि सगळ्यांच्या खाली मळकट हिरवा. तो हिरवा बघून त्याला असा आनंद झाला की बायकोला बघून कधी झाला नसेल. रंगाच्या दुकानदारानं तर याला लांबून बघूनच शटर ओढायला सुरुवात केली होती. मला त्याचं काही नव्हतं. तो म्हणायचा, "होतं तसंच." मी म्हणायची, "आधी चालू तर दे." एवढाच फरक.

मी ड्रायव्हरच्या सीटचं कव्हर शिवलं. जाड कॅनव्हास, नायलॉनचा दोरा, कडेला दुहेरी शिलाई. हत्ती बसला तरी उसवणार नाही. दुसऱ्या दिवशी शेडमध्ये गेले, तर कव्हर बाकावर घडी करून ठेवलेलं. उसवलेलं. ब्लेडनं, टाका न् टाका. आणि ट्रकच्या मागच्या फाळक्यावर खडूनं, नकाशावर लिहितात तशा सुबक अक्षरांत: *मूळ सीटला एकेरी शिलाई. सुती दोरा.*

माझी शिलाई उसवली! कुणी माझ्या थोबाडीत मारली असती तर मी परत मारून विसरले असते. मी तशीच त्याच्या घरी गेले.

"तू नकाशेच काढत बस," मी म्हटलं. "कागदावर रस्ता काढणं सोपं असतं. त्यावरून चालायला ढुंगणाखाली सीट लागते."

"तुझ्या हाती दिला तर ट्रकचा सोफा होईल," तो म्हणाला.

बोलणं बंद. पण ट्रक कुणी सोडेना. मी सकाळी दुकान उघडायच्या आधी शेडमध्ये जायची, तो संध्याकाळी कचेरी सुटल्यावर. मधला सगळा पत्रव्यवहार फाळक्यावर, खडूनं. *पाने जागेवर ठेवावेत. हे घर नाही.* त्याखाली मी: *घर असतं तर तू आला नसतास.* त्याखाली तो: *ग्रीसचा डबा उघडा होता.* मी: *तोंडही.* उरलंसुरलं त्याची बायको पोचवायची. ती इस्पितळात नर्स आहे, गरीब गाईसारखी दिसते, पण आहे वाघीण. "ताई, हे विचारतायत रेडिएटरची नळी बसवली का." मी म्हणायची, "वहिनी, त्याला सांग, डोळे आहेत ना?" शेवटी ती म्हणाली, "मी काय टपालपेटी आहे? तुमच्या दोघांच्या तोंडाला टाके घालायला मला सांगू नका, दोरा कुठला घालायचा यावरनं परत भांडाल."

सीट तशीच राहिली. उघड्या स्प्रिंगा, त्यावर गोणपाट.

त्यातच डोळ्याच्या डॉक्टरकडे आईची फेरी झाली. आईनं अक्षरांचा तक्ता केव्हाच पाठ केला होता, बाहेर बाकावर बसून मला म्हणूनही दाखवला. आत गेली तर तक्ता नवा. गाडी चालवायचा परवाना त्या महिन्याअखेरीस संपत होता. डॉक्टर म्हणाले, "तोवर दिवसा, ओळखीच्या मोकळ्या रस्त्यावर, हळू चालवा. पुढच्या परवान्याच्या कागदावर मात्र मी सही करणार नाही. रागवा हवं तर."

आई रागावली नाही. पायऱ्या उतरताना फक्त म्हणाली, "मग त्याआधी तो ट्रक चालू करा. एकदाच चालवीन. मग डोळे गेले चुलीत."

आईनं आमच्याकडे आयुष्यात काही मागितलेलं मला आठवत नाही. तिनं दिलं ते, नाहीतर बजावलं ते. मागितलं हे पहिल्यांदाच. मी भावाशी बोलत नव्हते, म्हणून हे फाळक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: *महिनाअखेर. आई चालवणार.* दुसऱ्या दिवशी त्याच्या खाली एक रेघ ओढलेली होती. फक्त रेघ. त्याच्या कचेरीत बहुतेक तशीच मंजुरी देतात.

आईचा एक नियम होता. ती हजर असल्याशिवाय सेल्फ मारायचा नाही. कार्ब्युरेटरमधून भडका उडून माणसाचा चेहरा जाताना तिनं बघितला होता. म्हणून इंजिन चालू करून बघायचं ते रविवारीच, सगळ्यांसमोर. आई ओलं गोणपाट हातात घेऊन बॉनेटपाशी, वहिनी पाण्याची बादली घेऊन, मी एका बाजूला, भाऊ दुसऱ्या बाजूला, एकमेकांकडे न बघता. सेल्फचं बटण जमिनीवर, पायानं दाबायचं.

पहिल्या रविवारी भावानं दाबलं. म्हातारं इंजिन कण्हत कण्हत फिरलं, 'उं... उं... उं...', आणि मग 'ढम्!' कार्ब्युरेटरच्या तोंडातून जीभभर ज्वाळ आली. आईनं झपकन गोणपाट टाकलं. तिचा चेहरा काळा, पांढरे केस पुढून पिवळे. हसली. "जिवंत आहे," ती म्हणाली. "शिंकतंय."

मला लगेच कळलं काय झालंय ते. इंजिनात सहा खोल्या, म्हणजे सिलिंडर. प्रत्येकीत ठिणगी नेमक्या क्षणी पडायला हवी. त्या ठिणग्या वाटणारी एक डबी असते, डिस्ट्रिब्युटर, आणि तिच्यातनं प्रत्येक खोलीला एकेक तार जाते. ती बसवताना अर्धा फेरा उलटी बसली की ठिणगी भलत्याच वेळी पडते, दार उघडं असताना, आणि घरातला भडका बाहेर येतो. ती बसवली होती आम्ही दोघांनी मिळून, हसत-खिदळत, बोलत होतो तेव्हा. आता कळलं बोलण्यानंही सगळं नीट होतंच असं नाही.

सोमवारी सकाळी मी डबी उपसली, अर्धा फेरा फिरवली, परत बसवली. फाळक्यावर एक अक्षर लिहिलं नाही. का लिहू? रविवारी इंजिन गर्जेल, याचं तोंड उघडंच राहील आणि हा विचारेल, ताई, काय केलंस? त्या प्रश्नासाठी मी आठवडाभर मनातल्या मनात उत्तर घासून पुसून ठेवलं होतं.

दुसरा रविवार. 'उं... उं... ढम्!'

मी चक्रावले. म्हणजे माझंच चुकलं? आधी बरोबर होती ती मी बिघडवली? सोमवारी गुपचूप डबी परत होती तशी फिरवली आणि नळ्या, टाकी, पंप, सगळं सोडून पुन्हा जोडलं. रोज सकाळी बघत होते, इकडे भावाचेही बोटांचे ठसे जिथं तिथं. म्हणजे तोही झोपत नव्हता.

तिसरा रविवार हा महिन्यातला शेवटचा. आई आंघोळ करून, केस घट्ट बांधून, बूट घालून आली होती. बूट! घरात सपातांशिवाय काही न घालणारी बाई. परवाना छातीशी खिशात. 

'उं... उं... उं... ढम्!'

 आईनं तोंड पुसलं, गोणपाट पिळलं, आणि शांतपणे म्हणाली, "डबीला हात कुणी लावला?"

मी वहिनीकडे बघून म्हटलं, "वहिनी, आईला सांग, मी फक्त परत होती तशी केली."

"आई समोर उभ्या आहेत, ताई!"

भाऊ भिंतीला म्हणाला, "मी डबीला हातच लावला नाही. तारा तेवढ्या परत जागेवर आणल्या."

वहिनीनं बादली खाली ठेवली. "परत म्हणजे? आधी कुठं नेल्या होत्या?"

"समोरच्या जागी. पहिल्या रविवारनंतर. ठिणगी उलटी पडत होती, म्हणून सगळ्या तारा अर्ध्या फेऱ्यानं सरकवल्या. आणि नाही चाललं, म्हणून परत आणल्या."

"आणि ताई, तुम्ही?"

"मी डबी अर्धा फेरा..." म्हणता म्हणता मी तारांकडे बघितलं.

वहिनी आमच्याकडे आळीपाळीनं बघत होती. "आमच्या वॉर्डात दोन डॉक्टर एकमेकांशी बोलेनासे झाले," ती म्हणाली, "की पेशंटला एकच औषध दोनदा जातं."

दोन्ही उपाय बरोबर होते. डबी फिरवा, नाहीतर तारा सरकवा. कुठलाही एक. आम्ही दोघांनी आपापला उपाय चोरून केला, अर्धा आणि अर्धा मिळून एक पूर्ण फेरा झाला, आणि ट्रक होता तिथंच. मग दोघांनी चोरून आपापला उपाय परत घेतला. परत तिथंच!

"तू तारा सरकवल्यास?" मी म्हटलं. थेट त्याला. किती महिन्यांनी.

"तू डबी फिरवलीस? सांगायला काय झालं होतं?"

"तुला काय झालं होतं, फाळका भरला होता का?"

"मला वाटलं तू विचारशील!"

"मला वाटलं तू विचारशील!"

आई आधी हसली. मग वहिनी. मग मी अशी हसले की मडगार्डला धरून खाली बसले. भाऊ हसू दाबायला गेला आणि त्याच्या नाकातून शेंबूड आला, तेव्हा तर शेडचे पत्रे वाजले. मग दोघंही एकदम उठलो. मी डबीला हात घातला, त्यानं तारांना.

सप्! दोघांच्या हातांवर ओलं गोणपाट बसलं. "एकानंच!" आई ओरडली. "गाढवांनो, एकानंच! तू बोल रे, तुझं ते मूळ मूळ चाललेलं असतं ना? मूळ काय?"

भावाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "मूळ म्हणजे... डबीच फिरवायची. पुस्तकात डबीची जागा ठरलेली आहे." मग तो पुटपुटला, "तारा सरकवणं म्हणजे जुगाड."

"कुणी केला जुगाड?" मी विचारलं.

"केला."

"कुणी?"

"मी, मी, माझे आई! आता फिरव ना!"

त्यानं बॅटरीचा उजेड धरला, मी डबी फिरवली. माझ्या कपाळावर घाम, तो त्यानं स्वतःच्या बाहीनं पुसला. न विचारता. म्हटलं ना, घरचा रोग. पण कधी कधी बरा असतो.

या वेळी आई स्वतः वर चढली. बुटाचा पाय बटणावर. 'उं... उं...' आणि मग ढम् नाही. आधी एक खोली बोलली, मग दुसरी, मग सहाही एकदम बोलायला लागल्या, आमच्या घरासारख्या. शेडभर निळा धूर. मडगार्ड थरथरत होतं, जमीन थरथरत होती, माझ्या दाढा थरथरत होत्या. भाऊ माझ्या कानात काहीतरी ओरडत होता, मला काहीही ऐकू येत नव्हतं, आणि मी हो हो म्हणत होते.

"चढा!" आई ओरडली.

खाणीचा रस्ता शेडच्या मागून जातो. मधल्या काळात खाण बंद झाली, तेव्हापासून त्यावर शेळीही फिरकत नाही. दोन्ही कडेला झुडपं, मध्ये उजेडात पांढरा पडलेला सरळ रस्ता. ज्या रस्त्यावर हा बिचारा पाणी मारत होता तोच. मी आईशेजारी उघड्या स्प्रिंगांवर, भाऊ आणि वहिनी मागे हौद्यात. गिअर जुन्या पद्धतीचे, एकदा क्लच दाबून चालत नाही. दाबायचा, सोडायचा, रेस द्यायची, परत दाबायचा. मी महिनाभर पुस्तकात वाचत होते, मला कळलं नव्हतं. आईच्या पायांना कळलेलंच होतं. दुसरा पडला, लोण्यासारखा. तिसरा पडताना 'खर्र्' झालं, तर आईनं ट्रकला अशी शिवी दिली की मागे हौद्यात वहिनी म्हणाली, "अगं बाई!"

"कडेचं झुडूप दिसतंय ना, आई?" मी विचारलं.

"दिसतंय. तू ओरडू नकोस, गाडी बिचकते."

मग तिनं खिडकीतून कोपर बाहेर काढलं. तेवढंच. कोपर बाहेर, मान सरळ, आणि ओठ घट्ट मिटून ती आतल्या आत काहीतरी गुणगुणत होती. ती आमची आई नव्हती. आमच्या आधीची कुणीतरी होती, आमचा जन्म व्हायचा होता, कुणाच्या नाकाचा शेंबूड पुसायचा नव्हता, आणि रस्ता मोकळा होता. मला तिचा हेवा वाटला. मागून भाऊ टपावर थापा मारत ओरडत होता, "तिसऱ्यातच ठेव! तिसऱ्यातच!" आईनं मुद्दाम चौथा टाकला.

खाणीच्या काठाशी वळवून ती परत आली, तिनं ट्रक एका दमात शेडमध्ये मागे घेतला, खटका बंद केला. शांतता झाली. गरम इंजिन टिक टिक करत होतं. आईनं परवाना खिशातून काढला, बघितला, माझ्या हातात दिला. "ठेव कुठेतरी," ती म्हणाली, आणि कमरेवर हात ठेवून कण्हत खाली उतरली.

"काय झालं, आई?" भाऊ धावला.

"सगळं मूळचं आहे. स्प्रिंगाही मूळच्या. माझं बूड तेवढं मूळचं राहिलेलं नाही." ती बाकावर टेकली. "उद्यापासून तुम्ही चालवा, मी बाजूला बसणार. सीटा शिवा."

भावानं हत्यारांच्या पेटीतून काहीतरी काढलं. माझं कॅनव्हास. स्वतःच्या जुन्या शर्टात गुंडाळून ठेवलेलं, ग्रीसचा एक डाग नाही. "ताई," तो पायाकडे बघत म्हणाला, "दुहेरीच शीव. नायलॉननं. ते टिकतं."

मी पिशवीत हात घातला. सुती दोऱ्याचं रीळ भांडणाच्या दुसऱ्याच दिवशी मी घाऊक दुकानातून आणलं होतं, आणि तेव्हापासून पिशवीच्या तळाशी लपवत होते. "गप," मी म्हटलं. "एकेरीच शिवते. सुती दोरा आणलाय."

"नको, दुहेरी."

"एकेरी म्हटलं ना!"

"बघा!" वहिनी कपाळावर हात मारून म्हणाली. "परत दोघांनी एकदम फिरवलं!"

आईनं जमिनीवरचं ओलं गोणपाट उचललं. आम्ही दोघं आपोआप एक पाऊल मागे सरलो.

"ड्रायव्हरची एकेरी," आई म्हणाली, "बाजूची दुहेरी. खाली जाड गादी घाल. बाजूला मी बसणार आहे."

भाऊ माप घ्यायला टेप शोधायला लागला. तो कुठे ठेवलाय ते मला माहीत होतं. मी वाट बघितली, विचारतो का ते. त्यानं बाक उचलून बघितला, पेटी उपसली, ट्रकखाली वाकून बघितलं.

"ताई," तो खालूनच म्हणाला, "टेप कुठाय?"